साफसफाईला दिलेली रायफल

व्हर्ना हॅकनबर्गच्या दुकानात शिरलात की आधी तिचा आवाज येतो, मग ती दिसते. "बूट पुसा! हा गोठा नाही!" खुद्द गव्हर्नर आला असता तरी त्याला हेच ऐकावं लागलं असतं. बाई सत्तरी ओलांडलेली, काउंटरच्या वर जेमतेम खांदे दिसतील एवढी उंची, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला. तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस आमच्या खोऱ्यात मी तरी पाहिलेला नाही. मी स्वतः हरलोय. कितीदा, ते सांगत बसत नाही.

दुकान बंदुकांचं. सोबत काडतुसं, मासे धरायचे गळ, शिकारीचे परवाने, आणि फ्रिजमध्ये गळाला लावायची गांडुळं. त्याच फ्रिजमध्ये व्हर्नाचा दुपारचा डबा असतो. ते बघून बाहेरगावची माणसं नाक मुरडतात, आम्ही नाही. दुकान तिच्या नवऱ्याने, ऑर्विलने काढलेलं. नऊ वर्षांपूर्वी तो एका जानेवारीत गेला, बर्फ काढता काढता. सगळ्यांना वाटलं, आता ही दुकान विकून फ्लोरिडाला जाईल. तिने मातीचं कार्य उरकलं आणि आठवड्याभरात दार उघडून काउंटरमागे उभी राहिली.

आत स्टोव्हजवळ तीन खुर्च्या आहेत. एक माझी. मी जन्मभर दुधाचा टँकर चालवला, त्यामुळे पहाटे जाग येते आणि जायला कुठे नसतं. दुसरी डॉयलची. डॉयल न्हावी होता. चाळीसएक वर्षं लोकांची बडबड ऐकून त्याचा बोलण्यावरचा विश्वासच उडालाय, त्यामुळे तो गप्प असतो. तिसरी खुर्ची लमारची. लमार हा व्हर्नाचा धाकटा भाऊ, चुनखडीच्या खाणीत काम करून निवृत्त झालेला. मोठा देह, छोटा आवाज.

तर या लमारची गंमत अशी की तो कॉफी पीत नाही. पोटात व्रण आहे, डॉक्टरने कॉफी बंद केलेली. तरी रोज सकाळी यायचं, व्हर्नाच्या हातून कप घ्यायचा, त्यावर हात शेकायचे आणि जाताना तिची पाठ वळली की मागच्या बेसिनमध्ये ओतून द्यायचा. तशी व्हर्नाची कॉफी ओतूनच द्यायच्या लायकीची असते, ते सोडा. मी त्याला डिवचायचो, "अरे, पीत नाहीस तर येतोस कशाला? आमची थोबाडं बघायला?"

"स्टोव्ह चांगला आहे," तो म्हणायचा.

स्टोव्ह त्याच्या घरीही होता, आणि बायकोही. जीनी चांगली होती हो. सूप करावं तर तिनेच. मी म्हणायचो, बायको हाकलत असेल घरातून. तो नुसता हसायचा.

आता व्हर्नाच्या डोक्यातला मुख्य किडा सांगतो. काउंटरमागे एक लाकडी पाटी आहे, ऑर्विलने तापल्या सळईने अक्षरं डागून केलेली. आमच्या पेनसिल्वेनियाच्या घटनेतलं वाक्य आहे ते: नागरिकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काला कोणी आव्हान द्यायचं नाही. व्हर्ना फूटपट्टीने त्या पाटीवर टकटक करून बोलते. तिच्या मते हक्क म्हणजे हक्क, तो मागून घ्यायचा नसतो. मागून मिळते ती मेहेरबानी. बंदूक विकताना तिला राज्य पोलिसांच्या नंबरवर फोन करून गिऱ्हाइकाचं नाव सांगावं लागतं. तिथे कोणीतरी त्याचे जुने गुन्हे, कोर्टाचे हुकूम वगैरे तपासतं आणि मंजूर की नामंजूर ते सांगतं. व्हर्ना प्रत्येक फोनला शिव्या घालते. पण करते. एकही चुकवलेला नाही. आणि मंजूर म्हणून आलेल्या माणसालाही कधीकधी रिकाम्या हाताने परत पाठवते.

एकदा मी म्हटलं, "अगं, सरकारने हो म्हटलं ना? मग त्याचा हक्क कुठे गेला?"

"त्याला हक्क आहे बंदूक घ्यायचा. मला हक्क आहे न विकायचा. त्याचे डोळे बघितलेस का? एल्विन, तू दूध वाहिलंस आयुष्यभर, तू गप्प बस."

बसलो गप्प.

आमच्या खोऱ्यात एक रीत आहे. कोणाच्या घरी अंधार झाला, म्हणजे बायको गेली, मुलगा गेला, माणूस जेवेना, दाढी करेना, असं दिसलं की शेजारचा कोणीतरी त्याच्याकडे जातो. हवापाण्याचं बोलतो. मग सहज म्हणतो, "तुझ्या बंदुका बऱ्याच दिवसांत साफ झालेल्या दिसत नाहीत. घेऊन जाऊ का? माझ्या साफ करतोच आहे." समोरचा म्हणतो, "ने." एवढंच. ती बंदूक मग महिनोन्‌महिने साफ होत राहते. कशाची साफसफाई, ते दोघांनाही ठाऊक असतं किंवा एकालाच असतं. बोलून कोणी दाखवत नाही. हरणांच्या शिकारीच्या सीझनच्या सुमारास माणूस स्वतः येऊन म्हणतो, झाली का रे, शनिवारी जायचंय. त्याच्या चेहऱ्याकडे बघून द्यायची की नाही ते ठरतं. यात फोन नाही, पोलीस नाही, सही नाही.

मार्चमध्ये जीनी गेली. आजार मोठा, पण वेळ थोडा. लमार रडलाबिडला नाही. तो सकाळी दुकानात यायचा, कप धरून बसायचा, पण हात शेकायलाही विसरायचा. शर्ट तोच असायचा. एप्रिलमध्ये व्हर्ना त्याच्याकडे मक्याचं चिकन सूप घेऊन गेली आणि येताना त्याची रायफल घेऊन आली. त्याच्याकडे ती एकच होती, वडिलांची.

"लाकडी दस्त्याला चीर गेलीय," ती आम्हाला म्हणाली. "तेल द्यायला हवं."

मी बघितलं. दस्ता गुळगुळीत होता. डॉयलनेही बघितलं. आम्ही दोघांनी मान डोलावली.

मग सुरू झालं नाटक. लमार आठवड्यातून एकदा विचारायचा, "झाली का?" व्हर्ना म्हणायची, "तेल मुरतंय." उन्हाळा आला. "झाली का?" "एक स्क्रू मिळत नाही, ओहायोहून यायचाय." ऑगस्टमध्ये तो स्क्रू चुकीच्या मापाचा आला. सप्टेंबरमध्ये परत पाठवला. मी एकदा म्हटलं, "ओहायोतल्या लोकांना स्क्रू करता येत नाहीत," आणि लमारनेही मान डोलावली. बिचाऱ्याला खरंच वाटत होतं. बहिणीने दुरुस्तीला नेली म्हणजे दुरुस्तीलाच नेली, असा सरळ माणूस तो. त्याला वाटायचं, रीत ती इतरांसाठी.

या सगळ्यात राज्यात एका नव्या कायद्याचा धुरळा उडालेला. आमच्याकडे पिस्तूल कुणी कुणाला विकलं तरी फोनवरची चौकशी होते. पण रायफल किंवा शिकारीची बंदूक शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिली तर कोणी विचारत नाही. नव्या कायद्यात तिथेही चौकशी हवी होती. त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला ऑक्टोबरात सेनेटरांची समिती आमच्या फायर हॉलमध्ये, म्हणजे अग्निशमन केंद्राच्या सभागृहात, आली. अख्खं खोरं लोटलं. अर्धे कायद्यासाठी आले होते, अर्धे काकवी भरून भाजलेल्या गोड पायसाठी, कारण फायर हॉलमध्ये काहीही असलं तरी बायका हा पाय भाजतातच.

आधी कॉलीन रिटर बोलली. कॉलीन जिल्ह्याच्या इस्पितळात नर्स आहे, आणि रविवारी चर्चमध्ये व्हर्नाच्या शेजारी उभी राहून गाते. ती ओरडली नाही. म्हणाली, "मला कोणाची बंदूक नकोय. माझ्या नवऱ्याकडे चार आहेत. पण व्हर्नाच्या काउंटरवर ज्याला नाही म्हटलं, तो माणूस बाहेर जाऊन रस्त्यापलीकडे कोणाकडूनही रायफल घेऊ शकतो. मग व्हर्नाच्या नाही म्हणण्याला अर्थ काय? दोन मिनिटांचा फोन आहे. मी इमर्जन्सीत काम करते, दोन मिनिटांत काय होतं आणि काय होत नाही ते मला माहितीय."

टाळ्या पडल्या. मीसुद्धा दोनचार वाजवल्या, कारण मुद्दा बरोबर होता. मग व्हर्ना उठली, आणि मला वाटलं, आता कॉलीनचं काही खरं नाही.

"कॉलीन, तू रविवारी माझ्या शेजारी उभी असतेस, म्हणून नीट बोलते," ती म्हणाली. घटना झाली, हक्क झाला, मेहेरबानी झाली. सेनेटर लोक पेन्सिली फिरवत होते. हे सगळं त्यांनी हजारदा ऐकलेलं. व्हर्नाला ते दिसलं आणि तिचं डोकं फिरलं. तोंड सुटलं.

"तुम्हाला वाटतं बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात जाते ती विकायलाच जाते! आमच्याकडे माणूस खचला ना, की शेजारी त्याची बंदूक घेऊन जातात. साफसफाईला म्हणून. कसली डोंबलाची साफसफाई? बंदूक स्वच्छच असते! माणसाने एकटं बसून तिच्याकडे बघत राहू नये म्हणून नेतात. उद्या तुमचा कायदा आला की त्या शेजाऱ्याने आधी फोन करायचा? परवानगी मागायची? तोपर्यंत तो माणूस थांबेल? माझ्याच मागच्या खोलीत एक रायफल आहे, एप्रिलपासून. दस्त्याला काहीही झालेलं नाही. रोज तोंडावर खोटं बोलते मी, स्क्रू यायचाय म्हणून! आणि त्यामुळे तो माणूस आज जिवंत आहे. हे कुठल्या कायद्यात बसवाल?"

सेनेटरांच्या पेन्सिली एकदम चालू झाल्या. त्यांच्याबरोबरचा एक कोटवाला तरुण मान वर न करता लिहीत सुटला. निम्मा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. कॉलीनसुद्धा व्हर्नाकडे वेगळ्याच नजरेने बघत होती. व्हर्ना लाल होऊन, विजयी चेहऱ्याने मागे वळली, आणि तिला मागच्या भिंतीशी, खाण्याच्या टेबलाजवळ लमार दिसला.

त्याच्या हातात कागदी बशी होती. त्याने ती टेबलावर ठेवली, टोपी घातली आणि तो बाहेर गेला. दार त्याने हळूच लावून घेतलं. टाळ्या चालूच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरी खुर्ची रिकामी होती. व्हर्नाने तीनदा तोच काउंटर पुसला. बूट न पुसता एक गिऱ्हाईक आत आलं, तर तिचं लक्षच गेलं नाही. मला त्याचंच जास्त भय वाटलं.

मग दारावरची घंटा वाजली. लमारने बूट पुसले, नीट, दोन्ही.

"माझी रायफल दे."

"अरे, तो स्क्रू..." ती सवयीने सुरू झाली.

"व्हर्ना."

तिने फडकं खाली ठेवलं.

"दस्त्याला काय झालंय?"

"काही नाही."

"कधी झालं होतं?"

"नाही."

तो आमच्याकडे वळला. "तुम्हा दोघांना माहीत होतं?"

मी कपात बघितलं. डॉयलने स्टोव्हचं दार उघडून आतलं लाकूड तपासलं.

"म्हणजे खोऱ्याला माहीत होतं," लमार म्हणाला. "कुत्र्यामांजरांना माहीत होतं. मीच एक बावळट, ओहायोच्या नावाने बोटं मोडत होतो." आवाज त्याचा अजूनही छोटाच होता. "मी चोर आहे का, व्हर्ना? तुरुंगात गेलोय? वेड्यांच्या इस्पितळात होतो? ती पाटी बघ. जन्मभर ती फूटपट्टी आपटत आलीस. मला नाही का लागू ती? की नुसती फायर हॉलात मिरवायला आहे?"

व्हर्नाच्या मानेवर लाल डाग उठले. मला वाटलं, आता ही याला फाडून खाणार. पण तिने फोन उचलला.

"एवढे महिने पडून आहे ती," ती म्हणाली. "ही दुरुस्ती राहिली नाही. ठेव झाली. ठेव परत द्यायची तर चौकशी करावी लागते."

दुरुस्तीला आलेली वस्तू मालकाला परत देताना फोन लागत नाही, हे तिथल्या चौघांनाही ठाऊक होतं.  "कर," लमार म्हणाला.

तिने नाव सांगितलं. जन्मतारीख सांगितली, त्याला न विचारता. मग कानाला फोन लावून खिडकीबाहेर बघत उभी राहिली. ज्या बाईने त्या फोनला आयुष्यभर शिव्या घातल्या, ती बाई तो फोन दोन्ही हातांनी धरून उभी होती. तिला सरकारकडून काहीतरी हवं आहे, असं मी पहिल्यांदाच बघत होतो. कोणीतरी वरून नाही म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. लमारने तरुणपणी कधी दारू पिऊन मारामारी केली असेल, कुठेतरी त्याची नोंद असेल.

"बरं," ती फोनमध्ये म्हणाली. ठेवला.

"काय म्हणाले?"

"मंजूर."

"मग?"

ती मागच्या खोलीत गेली आणि रायफल घेऊन आली. काउंटरवर ठेवली. पण तिचे दोन्ही हात तिच्यावरच राहिले.

"हात काढ, व्हर्ना."

"काढते. आधी मला एक सांग." तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं. "लमार, तू मरायचा विचार करतोयस का?"

स्टोव्हमध्ये लाकूड तडतडलं. मला उठून जावंसं वाटलं. आमच्याकडे गाईने चारा सोडला तर आम्ही दहा प्रश्न विचारतो. कधीपासून, शेण कसं आहे, डोळे कसे आहेत. माणसाला हा प्रश्न सरळ तोंडावर विचारलेला मी कधी ऐकला नव्हता.

लमार आला आणि आपल्या खुर्चीत बसला. 

"ऑर्विल गेला ना," तो म्हणाला, "तेव्हा मी घरून निघालो होतो. म्हणणार होतो, तुझ्या बंदुका साफ करायला नेतो. दारात आलो आणि बघितलं. भिंतभर बंदुका. ह्या भिंतीला, त्या भिंतीला. काय काय नेणार? ट्रक लागला असता. मग काही सुचलं नाही, तर बसलो. दुसऱ्या दिवशी परत येऊन बसलो. तू कॉफी दिलीस, ती घेतली."

व्हर्नाने चष्मा काढला. "मला वाटलं, तू कॉफीला येतोस."

"मला कॉफी चालत नाही, व्हर्ना."

"नऊ वर्षं?"

"थांबायचं कधी, ते कळलं नाही."

आता माझं सांगतो. मी रोज त्याला चिडवत होतो, आणि आत्ता मला माझा कप कुठे ठेवावा तेही सुचेना. 

"त्या फेब्रुवारीत," व्हर्ना सावकाश म्हणाली, "एका सकाळी तुला उशीर झाला होता. वादळ होतं. रस्ते बंद होते. मी मागच्या खोलीत एकटी होते. समोर ऑर्विलची बंदूक होती."

"आठवतंय. चालत आलो होतो."

"तू घंटा वाजवलीस," ती म्हणाली, "आणि मी बंदूक ठेवून बाहेर आले." 

लमारने मान डोलावली. "तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो आहे," तो म्हणाला. "रोज नाही. सकाळी इथे येतो, तेव्हा बरं असतं. संध्याकाळी नसतं. दिवे लावायची वेळ झाली की जीनी रेडिओ लावायची आणि काहीतरी ढवळत बसायची. आता मी दिवाच लावत नाही. काल तुझं भाषण ऐकलं आणि राग आला. घरी जाऊन वाटलं, बरं झालं ती रायफल घरात नाही."

तो उठला, काउंटरशी गेला आणि रायफल बोटांनी तिच्याकडे सरकवली.

"ठेव," तो म्हणाला. "साफसफाईला."

 डॉयलने घसा साफ केला. "व्हर्ना," तो म्हणाला, "कॉफी खरंच भयानक असते गं. लमारला चालत नाही तेच बरं."

"मग पिऊ नका, मेल्यांनो!" ती ओरडली, आणि तोंड वळवून काउंटर पुसायला लागली.

त्याच दिवशी दुपारी तिने कॉलीनला फोन केला. त्या दोघींचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण लमार आता दर गुरुवारी इस्पितळातल्या एका डॉक्टरबाईकडे जातो. गाडी कॉलीन चालवते. फोन केला त्याच संध्याकाळी पाच वाजले आणि व्हर्नाने दारावर 'बंद'ची पाटी उलटवली. सीझन तोंडावर आलेला, लोक काडतुसांसाठी रांगा लावतात असे दिवस. एरवी ती आठपर्यंत उघडं ठेवायची. लोकांनी बोटं मोडली. एकाने काच ठोकली, तर तिने आतून फूटपट्टी दाखवली.

ती लमारच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागली. आता पुढची अडचण ऐका. जीनीची तीन मांजरं होती, ती लमारकडेच आहेत, आणि व्हर्नाला मांजरांच्या केसांनी शिंका येतात. साध्या नाही, खिडक्या हलतील अशा. दिवा लावायचा, रेडिओ लावायचा, रेडिओवरच्या माणसाशी भांडायचं, शिंकायचं. लमार म्हणतो, जीनी असताना घरात एवढा गोंगाट कधी नव्हता.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सीझन उघडला, तेव्हा उजाडायच्या आत लमारने रायफल नेली. व्हर्ना काउंटरवर गिऱ्हाइकांच्या गराड्यात होती, पण माझ्या लक्षात आलं की तिने दिवसभर दाराकडे पाठ केली नाही. अंधार पडायच्या सुमारास घंटा वाजली. लमार बूट पुसत आत आला, हरीण नव्हतं. "तुझा आवाज ऐकून पळाली असतील," म्हणत त्याने रायफल काउंटरवर ठेवली. तिने ती मागे नेऊन ठेवली आणि सगळ्या गिऱ्हाइकांना बाहेर हाकलून दार लावलं.

तो कायदा अजून समितीतच लटकलेला आहे. व्हर्ना अजून त्याच्या विरोधात आहे आणि कॉलीन अजून त्याच्या बाजूने. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर दोघी तावातावाने भांडतात आणि मग एकाच वहीत बघून गातात. लमारला मी एकदा विचारलं, तुझं काय मत? तो म्हणाला, "मला दोन मिनिटांत मंजूर केलं, एल्विन. मी काय बोलू?"

नवीन वर्ष लागल्यावर त्या कोटवाल्या तरुणाचा फोन आला. आम्ही तिघं खुर्च्यांत होतो. व्हर्नाला हल्ली नीट ऐकू येत नाही, म्हणून ती फोन मोठ्या आवाजावर टाकते, त्यामुळे आम्हालाही सगळं ऐकू आलं. तो फार गोड बोलत होता. म्हणाला, मॅडम, त्या साफसफाईच्या गोष्टीसारखं आमच्याकडे दुसरं काही नाही. तुम्ही राजधानीत, हॅरिसबर्गला या, भरल्या सभागृहात सांगा, टीव्हीवाले असतील. कायदा तिथेच पडेल.

व्हर्नाने लमारकडे बघितलं. लमार कपावर हात शेकत होता.

"ती गोष्ट नाही सांगायची मी आता," ती म्हणाली.

"का? खरी नव्हती?"

"खरी होती. पण अर्धीच होती. बंदूक नेली की काम झालं, असं सांगून बसले मी तेव्हा."

त्याला काही कळलं नाही. "बरं, मग घटनेवर बोला. हक्कावर बोला. संध्याकाळचं सत्र आहे, आम्ही गाडी पाठवतो."

"घटनेवर तुम्ही म्हणाल तेवढं बोलेन. पण संध्याकाळी नाही जमायचं."

"दुकान तर पाचला बंद होतं म्हणे?"

"हो. त्यानंतर मला भावाकडे बसायचं असतं."

"फक्त बसायचं?"

"हो," ती म्हणाली, "फक्त बसायचं," आणि तिने फोन ठेवला.

मग तिने रुमाल काढला आणि नाक पुसलं, डोळे पुसले. मांजरांचे केस कपड्यांना चिकटून येतात, त्याने होतं, असं ती आमच्याकडे न बघता म्हणाली. मी नेहमीप्रमाणे कपात बघायला लागलो. डॉयलने मात्र आपला कप खाली ठेवला.

"बरी आहेस ना गं?" त्याने विचारलं.

व्हर्नाने त्याच्याकडे बघितलं. चटकन काहीतरी बोलणार होती, ते तिने गिळलं.

"आज बरी आहे," ती म्हणाली.